सगळ्यात बारीक वायरीला मंजुरी

इलेक्ट्रिशियनला बोलवायचं नाही, एवढंच मी ठरवलं होतं. यात माझं काय चुकलं, ते आजतागायत कुणी मला नीट समजावून सांगितलेलं नाही. (बायकोने सांगितलंय. पण त्या प्रकाराला समजावणं म्हणत नाहीत.)

झालं असं, की आमच्या भागात वरचेवर लाइट जायला लागली. एरवी मी अंधारात बसायला भीत नाही. पण सासरेबुवा आमच्याकडे असतात. त्यांची फुप्फुसं थकलेली. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन, दिवसभर घुर्र-फुस्स, घुर्र-फुस्स. ते मशीन विजेवर चालतं. लाइट गेली की ते अशी काही लांब शिटी मारतं, की आम्ही नवरा-बायको दोन खोल्यांतून धावत येऊन एकमेकांवर आदळतो. मग कोपऱ्यातला छोटा सिलिंडर लावायचा आणि लाइट येईपर्यंत त्याच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा उजवीकडून डावीकडे सरकत असतो आणि सासरे आमच्या तोंडाकडे बघत असतात. फार वाईट वेळ असते ती.

"घरीच सिस्टीम बसवू," मी एका रविवारी जाहीर केलं. "गॅलरीत सोलर पॅनेल, त्याच्याखाली बॅटरी, आणि बाबांच्या खोलीत इन्व्हर्टर. लाइट गेली काय नि आली काय, बाबांना कळणारसुद्धा नाही."

बायको शेंगा निवडत होती. "बसवणार कोण?"

"मी."

तिने हातातली शेंग तशीच धरली. "अहो, तुम्ही टेबलफॅन दुरुस्त केलात, तो अजून भिंतीलाच वारा घालतो."

फॅन फिरतो की नाही? फिरतो. पण लोकांना चांगलं बघवतच नाही.

तर पॅनेल आलं, बॅटरी आली, इन्व्हर्टर आला. सगळं खोक्यांतून, माहितीपत्रकांसकट. राहिली फक्त वायर. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत गॅलरी, स्वयंपाकघर आणि बोळ ओलांडून सहा मीटरचं अंतर. (इन्व्हर्टर बॅटरीशेजारीच का नाही ठेवला, असं तुम्ही विचाराल. पाहुण्यांना त्याचे दिवे दिसायला नकोत?) ही वायर किती जाड घ्यायची, एवढाच प्रश्न होता. आणि इथे माझ्यातला हेडक्लार्क जागा झाला.

मी खरेदी विभागात आहे. बावीस वर्षं. आमच्याकडे टाचणी घ्यायची म्हटली तरी तीन ठिकाणची कोटेशनं मागवायची, त्यातलं सगळ्यात कमी असेल ते मंजूर करायचं, आणि नातेवाइकाचं कोटेशन उघडून न बघता बाद करायचं, असा दंडक आहे. बावीस वर्षांत माझ्यावर एकदाही ठपका आलेला नाही. तेव्हा वायरीच्या जाडीचीही मी रीतसर तीन कोटेशनं घेतली.

पहिलं कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानदाराचं. "बारा व्होल्टची बॅटरी? सहा मीटर? मशीन केवढं?" असं सगळं विचारून तो म्हणाला, "पस्तीस स्क्वेअर मिलिमीटरची घ्या साहेब," आणि त्याने अंगठ्याएवढ्या जाड वायरीचं भेंडोळं काउंटरवर आपटलं. मी मनात म्हटलं, हा आपल्याला गिऱ्हाईक समजला. दुसरं कोटेशन ऑफिसच्या लिफ्टवाल्याचं. तो म्हणाला, "पंचवीस. आणि लांबी कमी करा." मी त्याला जाडी विचारली होती, लांबी नव्हती. न विचारलेलं सांगणाऱ्या माणसाचं कोटेशन मी आधीच अर्धं बाद करतो.

तिसरं शेजारच्या बेलवाल्या काकांचं. यांनी स्वतःच्या दाराची बेल स्वतः बसवली, म्हणून यांना सगळा मजला बेलवाले काका म्हणतो. ते हसलेच. "बारा व्होल्ट? अहो, बारा व्होल्टनं मुंगी मरत नाही. भिंतीत दोनशे तीस व्होल्ट खेळतात, तिथे केवढीशी वायर असते बघा. तुमचे हे बारा म्हणजे दुधखुळं पोर. चार स्क्वेअर रग्गड झाली!"

पस्तीस, पंचवीस, चार. सगळ्यात कमी, चार. मंजूर.

आता एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना माझा आवाज जरा खाली येतो. माझे सासरे वीज कंपनीत अडतीस वर्षं वायरमन होते.

त्यांना का नाही विचारलं? अहो, नातेवाईक! मघाशी काय सांगितलं मी? शिवाय दम लागतो म्हणून डॉक्टरांनी त्यांना बोलायची मनाई केलेली. ते दोन-दोन शब्दांनी बोलतात, मध्ये नळीतून श्वास घेतात, मग पुढचे दोन शब्द. मी बोळातून वायर ठोकत निघालो, तेव्हा ते उशीवरून मान उचलून म्हणाले, "जावईबापू... ही वायर..."

"बाबा, बोलू नका. दम लागेल."

"अहो... वायर..."

"आहे, आहे. बाहेर अजून आहे. तुम्ही पडा."

ते पडले. छताकडे बघत पडले.

संध्याकाळी चाचणी घेतली. मेन स्विच बंद केला, इन्व्हर्टरला एक बल्ब लावला. लख्ख पेटला! बायकोसुद्धा "अय्या" म्हणाली. (लग्नाच्या सतरा वर्षांत हे दुसरं "अय्या". पहिलं झुरळाला होतं.) मशीन लावून बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. बल्ब पेटला, म्हणजे माल तपासून ताब्यात घेतला. त्या भरात सिलिंडर भरून आणायचंही मी पुढे ढकललं. सिस्टीम असताना सिलिंडर कशाला?

मग नोटीस लागली. गुरुवारी दुरुस्तीसाठी अकरा ते तीन वीज बंद.

बायको दवाखान्याच्या औषधांच्या काउंटरवर असते. तिला रजा मिळेना. "बाबांना चार तास आमच्या दवाखान्यातच ठेवू," ती म्हणाली. "मी तिथेच असेन."

"आणि ही सिस्टीम काय लोणचं घालायला बसवली?" मी म्हणालो. "मी रजा घेतो. माझ्यावर सोड."

गुरुवारी निघताना ती दारात तीनदा थांबली. तिसऱ्यांदा नुसती बाबांकडे बघत उभी राहिली. मग गेली.

अकराला लाइट गेली. इन्व्हर्टर टक्‌कन चालू झाला. मशीनने शिटी मारली नाही. घुर्र-फुस्स, घुर्र-फुस्स. मी सासऱ्यांकडे असं पाहिलं, की दुसरा कोणी असता तर त्याने उठून टाळ्या वाजवल्या असत्या. त्यांनी फक्त एक बोट वर केलं. थांबा, अशा अर्थाचं.

अकरा वाजून बारा मिनिटांनी इन्व्हर्टर म्हणाला, टीप.

मी माहितीपत्रक काढलं. टीप म्हणजे बॅटरी उतरली. गॅलरीत धावलो. बॅटरीवरचा दिवा हिरवागार, म्हणजे पूर्ण भरलेली. परत धावलो. टीप, टीप. आता बॅटरी म्हणते मी भरलेय, इन्व्हर्टर म्हणतो ती रिकामी आहे. दोघांत एक जण खोटं बोलतंय, हे उघड होतं. कोण, ते कळेना. मी इन्व्हर्टरला दोन थपडा मारल्या.

"वाटेत..." सासरे म्हणाले, "...खातंय."

हे मात्र माझ्या डोक्यात लख्ख शिरलं. माल पूर्ण पाठवलाय, पोचतोय अर्धा. हा प्रकार खात्यात मी रोज बघतो.

"हात लावा... वायरला."

लावला, आणि "आई गं!" करून बोट तोंडात घातलं. वायर तापली होती. नुसती कोमट नाही, चहाच्या भांड्याला हात लागावा तसा चटका. वरचं कव्हर मऊ पडलेलं. बोळाच्या चौकटीपाशी रंग तपकिरी झाला होता, आणि त्याला टेकून दाराचा पडदा लोंबत होता. जळका वास येत होता तो तिथूनच.

"बंद... करा!"

मी इन्व्हर्टर बंद केला. त्याबरोबर मशीनने शिटी मारली. धावत जाऊन सिलिंडर लावला. काटा पाहिला. लाल पट्ट्याच्या अगदी वर. फार तर पाऊण तास. आणि लाइट यायला पावणेचार तास.

रुग्णवाहिकेला फोन केला. "आमची एकच गाडी आहे, ती लांब गेलीय, दोनच्या आत काही येणार नाही," तिकडून उत्तर आलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "लाइट नाही म्हणून शटर ओढून बाहेरगावी आलोय." मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो. मला भीती वाटली. उगाच विनोद करत नाही. या माणसाशी मी सतरा वर्षं पेपर आधी कोणी वाचायचा यावरून भांडत आलोय. पण त्यांचा श्वास माझ्या मूर्खपणावर टांगलाय, हे बघून मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

"जावईबापू," सासरे म्हणाले. ते उठून बसले होते. आवाज तोच, तुटक, पण खांबाखाली उभं राहून वर चढलेल्याला हाक मारावी तसा. "बॅटरी..."

"बॅटरी! आलो!" मी गॅलरीकडे धावलो.

पन्नास किलोंचं धूड ते. पायपुसण्यावर चढवलं आणि ओढत निघालो. पायपुसणं पुढे आलं, बॅटरी मागेच राहिली. पुन्हा चढवली. एकदा तिने माझ्या अंगठ्यावर विसावा घेतला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायको.

"सगळं ठीक ना?"

"एकदम फर्स्ट क्लास."

"मग धापा का टाकताय? आणि काहीतरी घसटल्याचा आवाज येतोय."

"काही नाही गं. जरा झाडून घेतोय."

मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही? झाडताय?" आणि पुढच्या क्षणाला किंचाळली, "अहो, खरं सांगा, बाबांना काय झालंय?" मी तोंड उघडेपर्यंत फोन कट झाला होता. म्हणजे ती निघाली होती.

बॅटरी कशीबशी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आली, तेव्हा आतून सासऱ्यांचं वाक्य पूर्ण झालं. "...जड आहे. आणू नका. इन्व्हर्टर... हलका. तो... तिकडे न्या."

मी कपाळावर हात मारून घेतला. "आधी सांगायचं ना, बाबा!"

"तुम्ही... थांबलात... तर सांगणार."

तिथून पुढे मी थांबायला शिकलो. प्रत्येक वाक्यासाठी त्यांच्यासमोर उभा राहायचो, काटा लालीत शिरताना दिसायचा, आणि तरी थांबायचो. ते म्हणाले, "वायर... सगळी... काढा." काढली. "एक-एक मीटरचे... तुकडे." केले. सहा लाल, सहा काळे. "जळका... बाजूला." तो काळा होता. त्याच्याऐवजी मागे उरलेल्या गुंडाळीतून ताजा मीटर कापला. मग त्यांनी उशीखालून घडीचा चाकू काढला. (उशीखाली! म्हणजे हा माणूस इतके दिवस माझं काम बघत पडला होता आणि चाकू हाताशी होता. मी देवाचे आभार मानले.)

त्यांचे हात एरवी पाण्याचा पेला धरताना कापतात. चाकू धरल्यावर कापेनात. सर्र, सर्र, सर्र, टोकं सोलत गेले. सहा लाल एकत्र पिळल्या, सहा काळ्या एकत्र पिळल्या.

"चार... सक... किती?"

"चोवीस," मी म्हणालो.

"झाली... जाड वायर. आणि... आखूड." मग जरा दम घेऊन म्हणाले, "मशीन खातं... तेवढंच खातं. व्होल्ट कमी... तर ॲम्पियर जास्त. वायरीला... व्होल्ट जाळत नाही. ॲम्पियर... जाळतो. बारा व्होल्टला... वायर... जास्त जाड लागते. कमी... नाही."

म्हणजे बेलवाल्या काकांचं दुधखुळं पोर हे असं होतं.

काटा लालीच्या मध्यावर. मी इन्व्हर्टर भिंतीवरून उपटला, उंबऱ्यावर बॅटरीला टेकवून ठेवला. लाल लालला, काळी काळीला. "उलटं... केलंत... तर स्फोट," आतून सूचना आली, आणि माझ्या हातातला पाना गळून पडला. पुन्हा घेतला. बोल्ट आवळला. आणखी आवळला. मिक्सरसाठी ठेवलेलं लांब एक्स्टेन्शन बोळातून खोलीपर्यंत टाकलं आणि मशीन जोडलं. काटा जवळजवळ शून्यावर आला होता. सासऱ्यांचे ओठ निळसर दिसत होते, की मला तसे वाटत होते, देव जाणे. मी डोळे मिटून बटण दाबलं.

घुर्र.

मी श्वास धरला.

फुस्स.

नळी सिलिंडरवरून मशीनवर आणली. पाच मिनिटं झाली. टीप नाही. दहा झाली. "हात... लावा," सासरे म्हणाले. घाबरत लावला. वायर गार. बारा वाजून गेले, मी तिथेच जमिनीवर बसलेलो, एक हात वायरीवर. बायको तीन मजले धावत चढून आली. दारात उभी राहून तिने आधी बाबांकडे पाहिलं. ओठ गुलाबी, गळ्यात टॉवेल, हातात चाकू. मग माझ्याकडे. अंगठा सुजलेला, बोट भाजलेलं, शर्टाला जळक्या वायरीचा तपकिरी डाग. मग उंबऱ्यावर बसलेल्या बॅटरीकडे, जिच्यामुळे स्वयंपाकघरात जायला वाट उरली नव्हती.

"कुणी केलं हे?" ती म्हणाली.

मी मान खाली घातली. सासरे म्हणाले, "यांनीच." माझा ऊर भरून आला. मी मान वर केली. तेवढ्यात त्यांचं वाक्य पुरं झालं. "...बिघडवलं."

आणि ते हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले. मग तीन कोटेशनं आठवली, बेलवाले काका आठवले, माझं झाडून घेणं आठवलं, आणि ते असे हसले की नळी निघून आली. बायको रडत होती ती रडता रडता हसायला लागली. मी एकटाच गंभीर होतो. लाइट तीनला येणार होती, ती पाच वाजता आली. आमचं मशीन थांबलं नाही.

दुसऱ्या दिवशी बायकोने खराखुरा इलेक्ट्रिशियन बोलावला आणि अंगठ्याएवढी जाड वायर बसवून घेतली. तो विषय माझ्या दृष्टीने तिथेच संपला होता. पण आठवड्याने डॉक्टर तपासायला आले. त्यांनी छाती तपासली, बोटाला यंत्र लावून ऑक्सिजनचा आकडा पाहिला, आणि पुन्हा पाहिला. "आकडा वर आलाय. औषध बदललंत?"

"नाही," बायको म्हणाली. "फक्त रोज हसतात." आणि तिने सगळा प्रकार सांगितला. एकही तपशील गाळला नाही. डॉक्टरांना खुर्चीचा हात धरावा लागला. डोळे पुसून ते म्हणाले, "फुप्फुसांना याच्यासारखा व्यायाम नाही. चालू ठेवा. दिवसातून दोनदा."

तेव्हापासून मी ही गोष्ट सांगतो. तुम्हाला वाटलं असेल, माणूस मोकळ्या मनाचा आहे, स्वतःवर हसतो. कसलं काय! सकाळी ऑफिसला जाण्याआधी एकदा आणि संध्याकाळी आल्यावर एकदा, उभं राहून, अभिनयासकट. बॅटरी ओढून दाखवायची, बोट तोंडात घालून "आई गं" म्हणायचं. एखादं वाक्य गाळलं तर सासरे बोट वर करून थांबवतात आणि पुन्हा सुरुवातीपासून घ्यायला लावतात.

पण परवा डॉक्टर आले तेव्हा आकडा होता तिथेच अडकलेला. "सवय झाली," ते म्हणाले. "डोस पुरत नाही."

रविवारी सकाळी उठलो, तर बायकोने घराचा मेन बंद करून फ्यूज स्वतःच्या पर्समध्ये टाकला होता. सासऱ्यांचं मशीन बॅटरीवर चालू होतं, आणि त्यांची खुर्ची तिने न्हाणीघराच्या दाराशी नेऊन ठेवली होती. मग माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर देऊन ती लाडाने म्हणाली, "अहो, बाबांच्या तब्येतीसाठी तरी, जरा गीझर उघडून बघता का?"